मामाचे गाळे, घरपट्टी आणि तुझी नोकरी

यावेळचं पत्र जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत कर निरीक्षक असलेल्या मुलीचं आहे. नाव आणि गाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. पत्र बरंच मोठं होतं, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देतो.

"काका, मी जुळे सोलापूरला राहते आणि रोज एसटीने जाऊन येऊन करते. 2023 च्या नगरपरिषद राज्यसेवेच्या भरतीतून कर निर्धारण व प्रशासकीय सेवेत लागले. घरी पेढे वाटले, सगळ्यांना वाटलं पोरगी साहेब झाली. प्रत्यक्षात मार्चमध्ये दारोदार फिरायचं आणि लोकांचं ऐकून घ्यायचं. तेही चाललं असतं, पण आता खरा प्रॉब्लेम झालाय. आईचं माहेर त्याच गावातलं, आणि मामांची बिल्डिंग माझ्याच वॉर्डात येते. रेकॉर्डला नुसतं तळमजला, निवासी, एवढंच आहे. प्रत्यक्षात खाली तीन गाळे भाड्याने दिलेत आणि वर एक मजला चढवलाय. फेरआकारणीचा सर्व्हे सुरू आहे. मामा म्हणाले आता आपली भाचीच आहे, बघून घेईल. आई म्हणते माझं माहेर तोडू नको. सोबतचे म्हणतात आहे तसं लिहून टाक, कोण बघायला येतंय. त्यात एक स्थळ आलं, मुलाच्या वडिलांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, वरचं किती मिळतं? त्या दिवसापासून वाटायला लागलंय की ही नोकरी सोडावी आणि परत एमपीएससी करून एसटीआय, म्हणजे राज्य कर निरीक्षक, व्हावं. काय करू?"

मामांचं आधी घेतो कारण त्याला वेळ नाहीये, सर्व्हे सुरू आहे म्हणतेस. तर सगळ्यात पहिलं, त्या मिळकतीच्या कागदाला हात लावू नकोस. खोटी नोंद तर करूच नकोस, पण खरी नोंद सुद्धा तुझ्या हाताने करू नकोस, कारण तू फूटपट्टी लावून अगदी बरोबर माप घेतलंस तरी मामा म्हणणार भाचीने डाव साधला आणि गाव म्हणणार मामाचं कमीच धरलं असेल, म्हणजे खरं लिहूनही तुझ्या शब्दाला किंमत राहणार नाही. त्यापेक्षा उद्याच्या उद्या एक साधं पत्र लिही, कर अधीक्षकांमार्फत मुख्याधिकाऱ्यांना, की अमुक मालमत्ता क्रमांक माझ्या सख्ख्या मामांच्या नावे आहे, सबब या मिळकतीची मोजणी आणि आकारणीचं काम दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यावं ही विनंती. बास, दोन ओळी. आत काय बांधलंय, गाळे किती, कोण भाडेकरू, यातलं काही त्यात लिहायचं नाही, ते जो मोजायला जाईल तो बघेल. आवक-जावकला देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घे आणि ती प्रत घरी फाईलला लाव.

कुणी म्हणालं अगं एवढं काय, राहू दे, कर तूच, तर नम्रपणे म्हण की सर एवढं लेखी द्या. वर्तणूक नियमातच आहे की वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा आणि तोंडी दिला असेल तर नंतर त्याची लेखी पुष्टी घ्यावी. हे मागताना आवाज चढवायची गरज नसते, चेहरा साधा ठेवून मागितलं की बहुतेक वेळा विषय तिथंच मिटतो.

आता मामांकडे जा. एकटी नको, आईला घेऊन जा, कारण आईला हे सगळं तुझ्या तोंडून मामांसमोरच कळलेलं बरं. आणि त्यांना सांग की स्वतःहून अर्ज द्या, वापर बदललाय आणि वाढीव बांधकाम केलंय म्हणून, सोबत भाडेकरार जोडा, बांधकाम परवाना असेल तर तोही जोडा. यात तू काही गुपित फोडत नाहीस, सर्व्हे चालू आहे हे अख्ख्या गावाला माहितीय आणि स्वतःहून कळवणं हे मिळकतदाराचं कामच आहे. फक्त एवढं स्पष्ट सांग की करपात्र नोंद झाली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, वरचा मजला विनापरवाना असेल तर तो विषय वेगळा, त्यावर शास्ती म्हणजे दंड लागू शकतो, आणि ते तुझ्या हातात नाही. हे आत्ता लपवलंस तर उद्या ते म्हणतील भाचीनेच अर्ज द्यायला लावला आणि अडकवलं.

माझा अनुभव असा आहे की माणसं आकड्यापेक्षा न कळलेल्या आकड्याला जास्त घाबरतात. मामांच्या डोक्यात असेल की आता लाखभर बिल येणार. तर त्यांच्यासमोर वही काढ आणि हिशोब मांडून दाखव. समजा एका गाळ्याचं भाडं महिन्याला 4,000, तीन गाळ्यांचे 12,000, वर्षाचे 1,44,000. कायद्याने त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होतात, म्हणजे 14,400 गेले, राहिलं 1,29,600, हे करयोग्य मूल्य, म्हणजे कर ज्यावर लागतो तो आकडा. आता कराचा दर तुझ्या नगरपरिषदेचा जो असेल तो, समजा सगळे कर मिळून 25 टक्के धरले तर 32,400 वर्षाला. प्रत्यक्षात झोनप्रमाणे चौरस मीटरचे दर ठरवलेले असतात आणि आकडा त्याप्रमाणे निघतो, पण वाट हीच. म्हणजे 1,44,000 भाडं घेणाऱ्याला त्यातले तीसेक हजार गावाला द्यायचेत. जास्त वाटेल, वाटू दे, पण हा आकडा आहे, बागुलबुवा नाही. आणि हेही सांग की नवीन आकारणी म्हणजे शिक्षा नव्हे, नगरपरिषद कायद्याच्या कलम 119 ची नोटीस येणार, तिच्यावर हरकत घेता येते, सुनावणी होते, सुनावणीत पटलं नाही तर पुढे अपील आहे. भाड्याचा आकडा जास्त धरला, माप चुकलं, गाळा सहा महिने रिकामा होता, जे असेल ते कागदासकट मांडायचं. मामांचा हक्क पूर्ण शाबूत आहे. उलट गप्प राहिले आणि उद्या आकारणी लागूनही भरलं नाही तर थकीत रकमेवर महिन्याला 2 टक्के शास्ती बसते, वर्षाला 24 टक्के झाले, एवढं व्याज बँकसुद्धा घरकर्जाला घेत नाही.

आईचं काय करायचं? आईला वाटतंय माहेर तुटेल. तिला एकच विचार, दोन वर्षांनी दुसरा अधिकारी आला, त्याने ते गाळे पाहिले, जुनी नोंद काढली आणि खाली सही तुझ्या लेकीची निघाली, तर मामा येणार आहेत का चौकशीला तुझ्याबरोबर? मामा रागावतील, चार महिने बोलणार नाहीत कदाचित, दिवाळीला येणारही नाहीत. तो राग मी कमी लेखत नाहीये, नात्यातला अबोला फार लागतो माणसाला. पण राग उतरतो, रजिस्टरमधली सही पुसता येत नाही.

आता तुझ्या मनातलं दुसरं, की ही नोकरी खरंच करण्यासारखी आहे का, दारोदार फिरायचं आणि शिव्या खायच्या. मला वाटतं तुझी अडचण अशी झालीय की तुला आत्तापर्यंत फक्त वसुली दिसलीय, आकारणी दिसली नाही. वसुली म्हणजे मार्च. आकारणी म्हणजे अख्खं वर्ष, आणि या खात्याचा जीव आकारणीत आहे. गावात कुठलं घर आहे, केवढं आहे, कशासाठी वापरतात, कोण राहतं, ही नोंद खरी असेल तर वसुली निम्मी आपोआप होते. नोंद खोटी असेल तर कितीही फिरा, भरणारा तोच भरत राहतो आणि न भरणारा हसत राहतो. कुठल्याही गावात बघ, बिल आल्या आल्या पहिल्या आठवड्यात भरायला कोण येतं? पेन्शनर, दोन खोल्यांत राहणारा शिक्षक, एकटी राहणारी म्हातारी जी नोट चारदा मोजून देते आणि पावती पिशवीत जपून ठेवते. या म्हातारीचं घर रजिस्टरला इंच न इंच लागलेलं असतं, आणि बाजारपेठेतली तीन मजली इमारत तळमजला, निवासी म्हणून पडलेली असते. हे जे आहे ना, याच्यासाठी तुझी नोकरी आहे. तुझ्या मामांचा विषय घरचा म्हणून मोठा वाटतोय, पण असे मामा प्रत्येक वॉर्डात आहेत आणि प्रत्येकाची कुणीतरी भाची कुठंतरी बसलेलीच असते.

आपल्या सोलापुरात तर हे काम किती नाजूक असतं ते बघ. पूर्व भागात खाली माग आणि वर घर, एकाच छपराखाली. दिवसभर खाली टॉवेल-चादरीचा खटका चालतो, रात्री तिथंच पोरं झोपतात. आता हे निवासी की कारखाना? कागदावर एका शब्दाचा प्रश्न, पण त्या एका शब्दावर त्या घराचं वर्षाचं गणित हलतं. तिथं डोळे उघडे ठेवून माप घ्यावं लागतं, मागाची जागा वेगळी, राहायची जागा वेगळी, आणि त्या माणसाला त्याच्या भाषेत समजावावं लागतं, तिथं तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. ऑफिसात बसून शेरा मारणाऱ्याला हे जमत नाही. जुन्या पेठांतले वाडे घे, साठ-सत्तर वर्षांचा भाडेकरू, भाडं नाममात्र, भाडे नियंत्रण कायद्यामुळे फारसं वाढत नाही, म्हणून करयोग्य मूल्यही तिथंच अडकलेलं, आणि शेजारी नवीन फ्लॅटवाला त्याच्या कितीतरी पट भरतोय. तो फ्लॅटवाला तुला विचारणार की हा कुठला न्याय. तो चिडण्यात चुकत नाही, पण त्याला नीट उत्तर द्यायचं तर तुला नियम पाठ पाहिजे आणि तो नियम का आला तेही माहीत पाहिजे. एवढं गुंतागुंतीचं काम आहे हे, लोकांना वाटतं बिलं वाटायची नोकरी आहे.

शिव्यांचं म्हणशील तर एक वाक्य तुला आयुष्यभर ऐकायचंय. "काय की ओ मॅडम, पाणी चार-चार दिवसाला आन् बिल मात्र टायमावर?" सोलापूरकर हे बोलतो तेव्हा त्यात खोटं काही नसतं, उजनी धरणाएवढं पाणी जिल्ह्यात असून शहराला चार-पाच दिवसांआड नळ, माणूस बोलणारच. यावर कायदा ऐकवू नकोस. घरपट्टी आणि पाणीपट्टी वेगळी असते हे खरं, कर आणि शुल्क यात फरक आहे आणि कराच्या बदल्यात अमुक एक सेवा मोजून मिळेलच असं कायद्यात नसतं हेही खरं, पण दारात हंडे मांडून बसलेल्या बाईला हे ऐकवणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. तिची पाण्याची तक्रार लिहून घे, खरंच लिहून घे, तारीख टाकून, आणि संध्याकाळी पाणीपुरवठ्याच्या टेबलावर नेऊन दे. पुढच्या वेळी गेलीस की ती तक्रार कुठवर आली ते तूच आधी सांग, मग बिलाचं बोल. वीस घरं अशी केलीस की गल्लीला कळतं ही बाई नुसती पैसे न्यायला येत नाही.

1992 ला आपल्या शहराची हद्दवाढ झाली तेव्हा बाळे, शेळगी, सोरेगाव, देगाव अशी किती गावं आत आली. ग्रामपंचायतीची थोडीशी घरपट्टी भरणाऱ्या माणसाला एकदम महापालिकेचं बिल, आणि दारात रस्ता तोच मातीचा. आजही हद्दवाढ भागात कुणाला विचार, हा विषय निघतोच. तिथं एक धडा आहे, की कर आधी आणि सोयी मागनं आल्या की माणसाच्या मनात ती गाठ पुढच्या पिढीपर्यंत राहते. तुझ्या गावातही नवीन प्लॉटिंग पडत असेल, हद्दीवर वस्ती वाढत असेल. तिथं पहिलं बिल जाण्याआधी खांबावर दिवा लागेल असं बघ, निदान तसं टिपण तरी वर पाठव. निरीक्षकाच्या टिपणाने दिवे लागतात का? दर वेळी नाही लागत, पण टिपणच नसेल तर कधीच लागत नाहीत.

आणि हो, थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवणं, चौकात नावांचा फ्लेक्स लावणं, हे प्रकार तुझ्याकडे होत असतील तर त्यात पुढाकार घेऊ नकोस. मला ते मनापासून आवडत नाहीत. मोठा थकबाकीदार हलगीने लाजत नाही, तो कोर्टात जातो, लाजून मरतो तो बारा हजार थकलेला माणूस ज्याचं दुकान बंद पडलंय. कायद्यात बिल आहे, मागणीची नोटीस आहे, वॉरंट आहे, जप्ती आहे, त्या वाटेने जा, मोठ्यापासून सुरुवात कर. जप्तीला एकटी कधीच जाऊ नकोस, पंच घे, पंचनामा जागेवर लिही, व्हिडिओ चालू ठेव. कुणी अंगावर आलं तर सरकारी कामात बळजबरीने अडथळा म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम 132 आहे, पण ते तोंडी धमकी म्हणून वापरायचं नसतं, तशी वेळ आली तर सरळ पोलीस ठाण्यात जायचं.

पैशाचं आता. लाचेबद्दल तुला सांगायची गरज नाही असं पत्रावरून वाटतं, तरी एवढं माहीत असू दे की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच प्रकरणात कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं शिक्षा आहे, पैसे दुसऱ्याच्या हातून घेतले तरी तू सुटत नाहीस, आणि नुसती मागणी केली तरी गुन्हा होतो. आकारणी कमी करून देतो, नाव लावून देतो, याच कामांत लाचलुचपतवाल्यांचे ट्रॅप लागतात. तुझ्या नावावर बाहेर कुणी एजंट पैसे गोळा करत असेल तर ते कळल्याच्या दिवशी लेखी कळव.

पण माझ्या बघण्यात लाचेपेक्षा जास्त माणसं वेगळ्याच गोष्टीने गेलीत, वसुलीची रक्कम दोन दिवस जवळ ठेवण्याने. शुक्रवारी संध्याकाळी रोकड आली, बँक बंद, शनिवार-रविवार घरी, मध्येच पोराची फी किंवा दवाखाना, म्हटलं सोमवारी पगारातून टाकू, आणि सोमवारी टाकलं नाही. त्याला तात्पुरता अपहार म्हणतात आणि पैसे नंतर भरले तरी तो अपहारच राहतो. चांगली, देवभीरू माणसं यात निलंबित झालेली मी बघितलीत, लुच्ची नव्हती ती, ढिली होती. तर रोकड घेतली की तिथल्या तिथं पावती, त्याच दिवशी कॅशिअरकडे भरणा, उशीर झालाच तर कपाटात सीलबंद आणि रजिस्टरला नोंद, एक रात्र सुद्धा घरी नाही. पावती पुस्तक घेतलंस त्याची तारीख आणि अनुक्रमांक स्वतःच्या डायरीत, परत केलंस त्याचीही सही. स्थानिक निधी लेखा परीक्षावाले कधी कधी आठ वर्षांनी विचारतात की अमुक पुस्तकातली 47 नंबरची पावती कुठाय, तेव्हा तू तीन गावं बदलून गेलेली असतेस. रिटायर होताना हेच आक्षेप पेन्शनची फाईल अडवतात. जमेल तितकं ऑनलाइन आणि क्यूआरने भरायला लाव लोकांना, त्यांचंही भलं आणि तुझंही.

आता एसटीआयचं. स्वप्न म्हणून वाईट नाही, वयाची मर्यादा खुल्या गटाला 38 आहे, तुला अजून वेळ आहे, बसायचं तर बस. पण दोन्ही कामं वेगळी आहेत हे समजून बस, नुसतं नावात टॅक्स आहे म्हणून नको. राज्य कर निरीक्षक जीएसटी खात्यात, त्याच्यासमोर व्यापारी, रिटर्न, बिलं, पोर्टल. तुझ्यासमोर घरं आणि माणसं. हिशोबाच्या कागदात रमणारी असशील तर तिकडं खुश राहशील. पण इथल्या अपमानातून पळायला म्हणून तिकडं जाणार असशील तर जाऊ नकोस, कारण भाची तिथंही कुणाची तरी असतेसच, आणि वरचं किती मिळतं हा प्रश्न जीएसटीवालीला जरा जास्तच विचारतात. एक मात्र करू नकोस, राजीनामा देऊन अभ्यास. पुण्यात खोली घेऊन चार-पाच वर्षं काढून परत आलेली आपल्याकडची किती पोरं मी बघतोय. नोकरीत राहून, परवानगी घेऊन परीक्षा देता येते.

आणि इथं राहिलीस तर पुढं काय, हेही कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. महापालिकेतला माणूस आयुष्यभर त्याच शहरात असतो, तुझी मात्र राज्यसेवा आहे, बदली होणार, आज बार्शी तर उद्या पंढरपूर, सांगोला, करमाळा, जिल्ह्याबाहेरही. त्याचा त्रास आहे, पण मामांच्या वॉर्डातून तू कायमची सुटणार हाही त्यातलाच भाग. अशी गावं बदलून बघितलेला कर अधिकारी वेगळाच तयार होतो, यात्रेच्या गावातली घरपट्टी आणि बाजाराच्या गावातली घरपट्टी यात फार फरक असतो, पंढरपुरात वारीला घरोघरी खोल्या भाड्याने जातात, त्याची आकारणी कशी करायची हे पुस्तकात नीटसं मिळणार नाही, तिथं राहून कळतं. मुंबईच्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे एलजीएस, एलएसजीडी हे नगरपालिकेच्या कारभाराचे डिप्लोमा करून टाक, ही संस्था 1926 पासून हेच शिकवतेय, आणि बढतीला त्याचा उपयोग होतो का ते तुझ्या सेवाप्रवेश नियमात वाचून घे, नाही झाला तरी ज्ञान वाया जात नाही. विभागीय परीक्षा वेळेत दे. सेवापुस्तकाची झेरॉक्स दर वर्षी स्वतः काढून ठेव. मुख्याधिकारी व्हायचं मनात असेल तर ते पद एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेतून भरलं जातं, आणि एसटीआयपेक्षा मी तुला ती परीक्षा द्यायला सांगेन, कारण चार वर्षं आकारणी केलेला मुख्याधिकारी जेव्हा खुर्चीवर बसतो तेव्हा त्याला गावाचा पैसा कुठून येतो आणि कुठं गळतो हे कुणी शिकवावं लागत नाही.

गावाचा पैसा म्हणजे काय ते जरा बघ. नगरपरिषदांची जकात 1999 ला गेली. महापालिकांकडे राहिलेली जकात आणि मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, तेही हळूहळू गेलं आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. आता वरून अनुदान येतं, येईल तेव्हा येतं, पण स्थानिक संस्थेचा स्वतःचा म्हणावा असा मोठा कर एकच उरलाय, घरपट्टी. 15 व्या वित्त आयोगाने तर शहरांच्या अनुदानालाच अट घातली की मालमत्ता कराचे किमान दर ठरवा आणि वसुली वाढवत न्या. म्हणजे तू जे रजिस्टर लिहितेस त्यावर गावाचं बाहेरून येणारं अनुदान सुद्धा टेकलेलं आहे. मला हे खातं फार मोलाचं वाटतं, लोक काही का म्हणेनात. 6 एप्रिल 1930 ला इंग्रज राज्य करत असताना सोलापूरच्या लोकांनी नगरपालिकेवर तिरंगा लावला होता, ती इमारत आपली, ते कार्यालय आपलं, असं मानूनच ना? आज त्याच लोकांच्या नातवंडांना नगरपालिका म्हणजे नुसती लाईन आणि खेटे वाटतात, तर त्यात आपल्या खात्याचाही वाटा आहे. दाखला मागायला आलेल्या माणसाला लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत दाखला दे, नाव लावायचा अर्ज पुढं ढकलू नकोस, कुठला कागद कमी आहे ते एकदाच, सगळं, लिहून दे. एवढं एका टेबलावर झालं तरी फरक पडतो.

उरलं ते स्थळ. ज्यांनी पहिल्या बैठकीत वरचं विचारलं त्यांना लग्नानंतर दर महिन्याला ते विचारायचंय. तू नाही म्हणशील तेव्हा तुझ्या पगाराची किंमत त्यांच्या लेखी कमी होणार, आणि हो म्हणशील तर वर लिहिलेल्या 3 ते 7 वर्षांत तू एकटी असणार. मुलगा त्या वेळी काय बोलला ते पत्रात नाही. तो वडिलांना थांबवून काही बोलला असेल तर एकदा त्याच्याशी स्वतंत्र बोल, गप्प बसला असेल तर या आठवड्यात नकार कळव, आणि आईला खरं कारण सांग, पत्रिका जुळत नाही वगैरे सांगू नकोस.